तापाच्या आणि सर्दीच्या गोळीत एकच औषध : वडिलांना मात्रा जास्त झाली असेल का?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे असून त्यांचे वजन ४८ किलो आहे आणि रक्तदाबाची गोळी रोज चालू आहे. ताप आल्यामुळे डॉक्टरांनी पॅरासिटामॉल ६५० दिवसातून तीनदा लिहून दिली, आणि नाक चोंदल्यामुळे आम्ही औषधांच्या दुकानातून सर्दीची गोळी आणली, तीही तीनदाच दिली. आज दोन दिवसांनी पाकीट उलटून वाचले, तेव्हा सर्दीच्या गोळीतही ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असल्याचे दिसले. त्यांना कोणताही त्रास जाणवत नाही, तरी रुग्णालयात न्यावे का?

उत्तर १ : मी औषधविक्रेता आहे. आपल्या हिशेबाने दिवसाला १९५० अधिक १५००, म्हणजे ३४५० मिलिग्रॅम पोटात गेले. निरोगी प्रौढासाठी २४ तासांची कमाल मर्यादा ४००० मानली जाते. परंतु ५० किलोपेक्षा कमी वजन, यकृताचा आजार, नियमित मद्यपान किंवा तापात जेवण तुटलेले असेल, तर ती बरीच खाली धरावी लागते. त्यामुळे घाबरण्याचे कारण नसले, तरी सर्दीची गोळी आत्ताच थांबवा आणि पॅरासिटामॉलची पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना दूरध्वनी करा. सर्दीच्या गोळीत बहुधा फिनाइलेफ्रिन हे नाक मोकळे करण्यासाठीचे औषधही असते, ते रक्तदाब वाढवू शकते. सोबतच्या क्लोरफेनिरामिन या शिंका-ॲलर्जीवरच्या औषधामुळे गुंगी येते आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांना लघवी अडकण्याचा त्रास होऊ शकतो. (पट्टी कापून सुट्या गोळ्या घेताना नावाची बाजू आपल्याकडे राहील, असे दुकानदाराला जरूर सांगावे. आम्ही घाईत ते विसरतो.)

उत्तर २ : वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, मात्र ‘त्रास नाही’ यावर विसंबू नका, असे डॉक्टर म्हणून सांगतो. पॅरासिटामॉलची विषबाधा झाली, तर पहिल्या दिवशी फार तर मळमळ होते. यकृताला झालेली इजा साधारण एक ते तीन दिवसांनी उघड होते. त्यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, आणि एकाच वेळी मोठी मात्रा घेतली गेली असेल, तर तो आठ तासांच्या आत मिळाल्यास सर्वांत प्रभावी ठरतो. म्हणून एखाद्याने एकदम बऱ्याच गोळ्या घेतल्या असतील, तर कावीळ दिसण्याची वाट पाहू नये, मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, आणि सगळी पाकिटे घेऊन थेट रुग्णालय गाठावे. रुग्ण गुंगीत किंवा बेशुद्ध असेल, तर महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. आपल्या वडिलांची परिस्थिती तशी दिसत नाही, पण यकृताची रक्ततपासणी करावी का, हे त्यांच्या डॉक्टरांना आजच विचारा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. डॉक्टरांशी बोललो. त्यांनी सर्दीची गोळी बंद करून उद्या सकाळी रक्त तपासायला सांगितले आहे, आणि नाकासाठी केवळ वाफ व मिठाच्या पाण्याचे थेंब सुचवले आहेत.