व्हॉइसमेल बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

पीबीएक्सवाला
‘धंद्याच्या फोनवर व्हॉइसमेल ठेवणं म्हणजे वेळेची नासाडी. ज्याला गरज असेल तो मेसेज टाकेल,’ असं सडेतोड यांनी काल लिहिलं आणि खाली ‘अगदी बरोबर’ची रांग लागली. दोन ओळींत भागणारं नाही, म्हणून वेगळा धागा.

ऑफिसांच्या फोन यंत्रणा बसवणं हेच माझं काम. बहुतेक ठिकाणी व्हॉइसमेल, म्हणजे फोन न उचलल्यास निरोप रेकॉर्ड करून ठेवणारी सोय, चालत नाही, कारण तो कुणी लावलेलाच नसतो. डब्यातून आला तसा चालू केलेला असतो. रिंग वाजत राहते, मग एक यांत्रिक आवाज आकडा वाचून दाखवतो आणि टूं. आपण बरोबर ठिकाणी फोन केलाय की नाही हेच ग्राहकाला कळत नाही. तो काय बोलणार?

वीसेक सेकंदांत कुणी उचललं नाही तर कॉल व्हॉइसमेलवर वळलाच पाहिजे. साध्या मोबाइलवरही नो-आन्सर फॉरवर्डिंगचा अवधी 5 ते 30 सेकंदांत, पाचच्या टप्प्याने ठरवता येतो, पण कुणी हात लावत नाही. ग्रीटिंग आपल्या माणसाच्या आवाजात हवं, पंधरा सेकंदांच्या आत: कुठे फोन लागलाय, काय सांगून ठेवायचं, उलट फोन कधीपर्यंत येईल. ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे वाक्य काढा, त्याने कुणाचंही समाधान झालेलं नाही. आणि निरोप ऐकायचं काम एकाच माणसाच्या नावावर ठेवा. तो रजेवर गेला तर दुसरं नाव आधीच ठरलेलं असू द्या. यंत्रणा कितीही भारी घ्या, हे शेवटचं नसेल तर सगळं फुकट.

सडेतोड
माझं नाव घेतलंत म्हणून बोलतो. कोका-कोलाने 2014 मध्ये अटलांटाच्या मुख्यालयात व्हॉइसमेल बंद केला. पुढच्याच वर्षी जेपी मॉर्गन बँकेनेही हजारो कर्मचाऱ्यांचा काढून टाकला. त्यांना फोनचं काही कळत नव्हतं का? माझ्या स्वतःच्या धंद्यात व्हॉइसमेल होता. निम्मे निरोप नुसते श्वासाचे आवाज आणि खट्. उरलेल्यांत ‘जरा फोन करा’. कुणाला करू? कशाबद्दल करू? बंद केला आणि एकही गिऱ्हाईक तुटलं नाही.

रिसेप्शन_डेस्क
बातमी पूर्ण वाचा. जेपी मॉर्गनने ग्राहकांशी ज्यांचा संबंध येत नाही त्यांचा काढला. ग्राहकांशी बोलणाऱ्यांचा ठेवला. तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय.

आणि ‘गिऱ्हाईक तुटलं नाही’ हे तुम्हाला कसं कळलं? जो फोन करून निघून गेला तो सांगायला परत येतो का? मी दुरुस्ती-सेवेच्या डेस्कवर बसते. संध्याकाळी बंद झाल्यावर येणारे निरोप बहुतेक वयस्कर माणसांचे असतात. त्यांना टाइप करायला जमत नाही, पण मशीनचा मॉडेल नंबर, बिघाड, घरी कधी असतील, सगळं नीट सांगतात. सकाळी कारागीर बरोबर तोच पार्ट घेऊन निघतो.

माझी तक्रार वेगळीच आहे. लोक दोन मिनिटं सावकाश बोलतात आणि शेवटी फोन नंबर एका दमात उडवतात. तेवढ्यासाठी अख्खा निरोप पुन्हा ऐकावा लागतो.

बॅकऑफिस
नंबर! माझा जीव यातच जातो. सगळे जोडीत सांगतात. सदुसष्ट की अडुसष्ट? एकोणसाठ की एकोणसत्तर? परवा अशाच एका निरोपावरून मी भलत्याच बाईंना फोन केला आणि त्यांची बोलणी खाल्ली. आकडे सुटे सुटेच सांगितले पाहिजेत, यात चर्चेला जागाच नाही.

सडेतोड
जागा आहे. माझे आईवडील नंबर जोडीतच लक्षात ठेवतात. सुटे सांगायला लावलं तर मधला आकडा गाळतात. लोकांनी आता तुमच्या यंत्रासाठी बोलायची सवय बदलायची का?

बॅकऑफिस
यंत्रासाठी कोण म्हणालं? पलीकडे मी बसलेय, माणूस आहे.

पीबीएक्सवाला
दोघेही जरा थांबा, यामागे कारण आहे. जुन्या टेलिफोनची वाट 300 ते 3400 हर्ट्झची. ‘स’चा सळसळता भाग बराचसा त्याच्या वर असतो, तो कापला जातो. ‘सदुसष्ट’मधला पहिला ‘स’ पुसट झाला की कान ‘अडुसष्ट’कडे झुकतो. इंग्रजीत फाइव्ह आणि नाइनची अशीच गल्लत होते, म्हणून वैमानिक रेडिओवर नाइनला ‘नाइनर’ म्हणतात.

सडेतोड
आता एचडी व्हॉइस आहे, 7000 हर्ट्झपर्यंत आवाज जातो. जुन्या गोष्टी सांगू नका.

पीबीएक्सवाला
कॉल एचडी असेल, पण कितीतरी यंत्रणांत निरोप सेकंदाला 8000 नमुन्यांवरच रेकॉर्ड होतो, म्हणजे वरचा आवाज तिथे पुन्हा कापलाच जातो. एस्टेरिस्क या ऑफिसच्या फोन यंत्रणेच्या सॉफ्टवेअरची नेहमीची फाइल उघडून बघा.

रिसेप्शन_डेस्क
पण नंबर कॉलर आयडीत येतोच ना?

बॅकऑफिस
मोबाइलवरून केला तर येतो. ऑफिसमधून केला तर त्यांच्या बोर्डाचा नंबर येतो, त्यावर उलट फोन केला की ‘कोणतं एक्स्टेन्शन?’ विचारतात. म्हणून ग्रीटिंगमध्येच सांगा: ‘नंबर सावकाश, एकेक आकडा, दोनदा सांगा.’ आमच्याकडे हे वाक्य घातल्यापासून माझं अर्धं डोकं शांत आहे.

सडेतोड
दोनदा सांगणं मान्य. जोडीत की सुटं हे सांगणाऱ्यावर सोडा. पहिल्यांदा जोडीत, दुसऱ्यांदा सुटं, असं म्हणा हवं तर.

बॅकऑफिस
चालेल. पण दुसऱ्यांदा सुटंच.

कुलूपकिल्ली
नंबरावरून एवढं भांडताय आणि पिनबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, याचा मला संताप येतो. ब्रिटनमधलं फोन हॅकिंग प्रकरण विसरलात? लोकांनी मूळचा पिन बदललाच नव्हता. बातमीदारांनी बाहेरून फोन लावून त्यांचे निरोप ऐकले, आणि 2011 मध्ये न्यूज ऑफ द वर्ल्ड हे वर्तमानपत्र बंद पडलं. ग्राहक तुमच्या व्हॉइसमेलवर पत्ता, आजारपण, ‘घरी कुणी नाही’ असलं सगळं बोलून ठेवतात. तिथे 1234 ठेवणं हा बेजबाबदारपणा आहे. बाहेरून ऐकायची सोय लागत नसेल तर ती बंदच करा.

सडेतोड
हा मुद्दा मी मान्य करतो. पण मग रिकाम्या निरोपांचं आणि ‘मेलबॉक्स भरला आहे’चं काय? माझ्याकडे खरा वैताग तोच होता.

पीबीएक्सवाला
किमान लांबी ठरवता येते, तीन सेकंदांखालचा निरोप साठवूच नका. खट् करून ठेवणारे तिथेच गळतात. एस्टेरिस्कमध्ये एका फोल्डरला मुळात 100 निरोपांची मर्यादा असते. ऑडिओ ईमेलला जोडून गेला की बॉक्समधला आपोआप पुसायची सोय आहे, ती चालू करा. मात्र ती ईमेल एका माणसाच्या खात्यावर जायला हवी. सगळ्यांच्या गटावर टाकलीत तर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने ऐकलं असेल.

सडेतोड
महिनाभर लावून बघतो. ‘जरा फोन करा’वाले तरीही येणारच.

रिसेप्शन_डेस्क
येतील. त्यांना मी सगळ्यात आधी फोन करते. काय बिघडलंय हे ज्याला धड सांगताच येत नाही, त्याचंच काम बहुतेक वेळा सगळ्यात तातडीचं निघतं.