मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत गॅस हीटर चालेल का?

मका_हरभरा_चोपडा:
रामराम मंडळी. मोटारीची थ्री फेज लाईट रात्रीचीच असल्याने पिकाला पाणी भरायला रात्री जावं लागतं. मळ्यात 10 बाय 10 ची पत्र्याची खोली आहे, उंची 8 फूट, एक दार, खिडकी नाही. आत बाज, मोटारीचा स्टार्टर आणि सध्या थोडा कापूस. 4.2 किलोवॅटचा गॅस हीटर आणि 5 किलोची टाकी घ्यावी म्हणतो. पाण्याच्या दोन बाऱ्यांच्या (पाळ्यांच्या) मध्ये तासभर पडता येईल.

गिरणाकाठ:
भाऊ, हीटर खोलीच्या मानाने फार मोठा आहे. 4.2 किलोवॅटचा हीटर तासाला 300 ग्रॅमच्या आसपास गॅस जाळतो. एक किलो गॅसला साधारण 12 घनमीटर हवा लागते आणि तुमची खोली जेमतेम साडेबावीस घनमीटरची. दार घट्ट लावलं तर तासाभरातच ऑक्सिजन 21 वरून 18 टक्क्यांवर येईल. मग जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला ना वास ना रंग.

1.5 किलोवॅटचा बघा, तासाला 110-120 ग्रॅममध्ये भागतं. ऑक्सिजन कमी झाल्यावर आपोआप बंद होणारा सेन्सर त्यात हवाच. ज्योत विझल्यावर गॅस तोडणारी सोय वेगळी, ती म्हणजे हा सेन्सर नव्हे. शिवाय दोन झरोके पाडा, एक जमिनीलगत, एक पत्र्याखाली, वीतभर लांब आणि चार बोटं रुंद. थंडी वाजते म्हणून त्यात गोणपाट कोंबू नका. पत्र्याला आतून पाणी सुटून टपकायला लागलं तर हवा खेळत नाहीये असं समजा, कारण एक किलो गॅस जळून दीड किलोच्या वर पाण्याची वाफ होते.

वायरमन_यावल:
मला हीटरपेक्षा स्टार्टरची काळजी वाटते. त्याला ऑटो स्विच लावलाय ना? गॅस हवेपेक्षा जड, गळती झाली की जमिनीवर साचतो. लाईट आली की ऑटो आपोआप स्टार्टर ओढतो, कॉन्टॅक्टला ठिणगी पडते, आणि तुम्ही तर बाजेवर झोपलेले. टाकी त्या खोलीत ठेवायचीच असेल तर स्टार्टरची पेटी बाहेरच्या भिंतीला घ्या. कापूसही हलवा, हीटर त्याच खोलीत पेटवायचा तर बोंडभरसुद्धा नको.

टाकी कायम उभी. आडवी झाली तर द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये येतो आणि ज्योत भडकते. रेग्युलेटर हीटरवर लिहिलेल्या दाबाचाच घ्या, भट्टीचा हाय प्रेशरवाला नको. मोठ्या टाकीतून छोटीत भरून देणारे असतात, त्यांच्याकडून घेऊ नका. ती गळ्यापर्यंत भरली की द्रवाला फुगायला जागा राहत नाही. जोडणीवर साबणाचा फेस लावून बघायचं, काडी पेटवून नव्हे.

मका_हरभरा_चोपडा:
कापूस उद्याच हलवतो. मग त्यापेक्षा कोळशाची शेगडी बरी का?

गिरणाकाठ:
ती तर अजून वाईट. निखारे धूर न करता कार्बन मोनॉक्साईड सोडत राहतात आणि शेगडीला सेन्सर नसतो. बाहेर ओट्यावर शेका, आत नेऊ नका.

हीटर पेटता ठेवून झोपायचं नाही. आधी खोली तापवा, टाकीचा नॉब बंद करा, मग पडा. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साईड अलार्म बाजेजवळ, उशाच्या उंचीला लावा. डोकं जड होणं, मळमळ, पाय लटपटणं ही थंडीची लक्षणं समजू नका, लगेच बाहेर या आणि 108 ला फोन करा.

वायरमन_यावल:
वर्षभर पडून राहिलेल्या हीटरच्या नळीत कोळी जाळं करतो, कापसाची कणीही अडकते. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली की बंद करून आधी ते साफ करा. गळतीसाठी नंबर 1906.