बँकेच्या लिलावातला फ्लॅट पहिलं घर म्हणून घ्यावा का?

चाळकरी:
झापायचं असेल तर झापा पण आधी ऐकून घ्या. तीन वर्षं घर शोधतोय, बिल्डरचा रेट ऐकतो आणि चहा पिऊन परत येतो. परवा पेपरात बँकेच्या लिलावाची नोटीस दिसली, टू बीएचके, राखीव किंमत (जिच्याखाली बोली घेत नाहीत ती) त्याच बिल्डिंगमधल्या बाकीच्या फ्लॅटपेक्षा जवळजवळ पाव हिश्शाने कमी. घरचे म्हणतात दुसऱ्याचे तळतळाट लागतील. माझं म्हणणं, मालकाने हप्ते थकवले, बँकेने सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जापोटी तारण ठेवलेलं घर बँकेला ताब्यात घेऊन विकता येतं तो कायदा) घर घेतलं, आता बँकच विकतेय, मग याहून क्लिअर टायटल, म्हणजे बिनवादाची मालकी, कुठे मिळणार? पहिलं घर घेणाऱ्याने उलट आधी इथेच बघावं.

हिशेबनीस:
बँक टायटलची हमी देत नाही हो! त्याच नोटिशीत खाली बारीक अक्षरात 'जसे आहे, जेथे आहे' छापलेलं असेल, ते वाचा. सोसायटीचं थकलेलं मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स बहुतेक वेळा घेणाऱ्याच्याच गळ्यात. वीजबिलसुद्धा, नियमात तरतूद असेल तर जुनी थकबाकी नव्या मालकाकडून वसूल करता येते असं सुप्रीम कोर्टानेच २०२३ मध्ये सांगितलंय.

आणि पैसे कुठून आणणार? बोली लागली की ईएमडी (बोलीआधी भरायची अनामत) धरून २५ टक्के त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत, बँकेने लेखी मुदत वाढवली तरी तीन महिन्यांच्या पुढे नाही. होमलोनची फाईल १५ दिवसांत हललेली बघितलीय कुणी? नाही जमलं तर २५ टक्के जप्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही अख्खी रक्कम जप्त करणं योग्य ठरवलंय. पहिलं घर घेणाऱ्याची आयुष्यभराची बचत तेवढीच असते.

तिसरी घंटा:
मी लिलावातूनच घेतलाय म्हणून बोलते. हिशेबनीस नियम बरोबर सांगतायत पण घाबरवतायत जास्त. लोन बोलीच्या आधीच मंजूर करून ठेवायचं, काही बँका लिलावातल्या घराला देतात. वकिलाकडून मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा सर्च काढला, सोसायटीकडून थकबाकीचा आकडा लेखी घेतला आणि तो वजा करूनच बोलीची मर्यादा ठरवली. हॉलमध्ये बसून, सॉरी, स्क्रीनसमोर बसून चेव येतो ना, तिथे माणूस बुडतो. माझ्या फ्लॅटचा प्रत्यक्ष ताबा बँकेकडे होता, कुलूप उघडून आत जाऊन नळसुद्धा सोडून बघितला.

कोपऱ्यातला:
ताई, तुमचं जमलं ते त्या कुलपामुळे. माझ्या भावाने प्रतीकात्मक ताब्यातला घेतला, म्हणजे दारावर नोटीस चिकटवलेली आणि आत जुना मालक म्हाताऱ्या आईसकट. बँक ताबा मिळवून द्या म्हणून सरफेसीच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली, मालक डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) गेला, तारीख पे तारीख. चौदा महिने भाऊ इकडे भाडं भरतोय आणि तिकडे हप्ता, वर बँकेतला माणूस म्हणतो 'प्रोसेस चालू आहे सर'. स्वस्त का होता ते तेव्हा कळलं.

तिसरी घंटा:
भोगलंत खरं. पण जुना मालक कधीही पैसे भरून घर सोडवून नेतो अशी भीती लोक घालतात ती आता तेवढी खरी नाही. लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की तो हक्क जातो, २०२३ चाच निकाल आहे.

हिशेबनीस:
हक्क जातो, माणूस जात नाही. नोटीस नीट दिली नाही, मूल्यांकन कमी धरलं म्हणून डीआरटीत जायला तो मोकळाच आहे आणि लिलाव रद्द झाला तर तुमचे पैसे परत येईपर्यंत तुम्ही कुठे राहणार? ज्याचं एक घर आधीच आहे त्याने खेळावा हा खेळ.

चाळकरी:
नोटीस परत काढून वाचली. ताब्याच्या रकान्यात लिहिलंय 'प्रतीकात्मक'. मी तो रकाना बघितलाच नव्हता, डायरेक्ट किमतीवर गेलो. ईएमडीची शेवटची तारीख शुक्रवार. आज संध्याकाळी बिल्डिंगमध्ये जाऊन वॉचमनला विचारतो वर कोण राहतं.

कोपऱ्यातला:
वॉचमन काही सांगणार नाही. जिना चढून वर जा, दाराबाहेर चपला किती आहेत ते मोजा.