प्रतिसाद: पॅटरसन शिशाकडे वळले कसे?

उल्कापाषाणातलं शिसं मोजून पृथ्वीचं वय काढणारा भू-रसायनशास्त्रज्ञ शिशाच्या विषबाधेकडे कसा वळला, असं वर विचारलंय. उत्तर 'ब्लँक'मध्ये आहे. म्हणजे नमुना न घालता तेच आम्ल, तीच भांडी, तीच प्रक्रिया. क्लेअर पॅटरसन यांच्या ब्लँकमध्येच शिसं भरपूर निघायचं. हवेतून, धुळीतून, काचेतून, माणसाच्या केसांतून आलेलं. म्हणून गाळलेली हवा किंचित जास्त दाबाने खोलीत सोडायची, आम्लं पुन्हा ऊर्ध्वपातित करायची, भांडी आम्लात भिजत ठेवायची. १९५६ मध्ये ४.५५ अब्ज वर्षं हा आकडा पक्का झाला तो या (काहीशा वेडगळ वाटणाऱ्या) स्वच्छतेमुळेच. मग साहजिक प्रश्न: एवढं शिसं आलं कुठून? मुख्यतः तेव्हाच्या शिसेयुक्त पेट्रोलमधून.

पॅटरसन यांचा १९८० चा ट्यूना माशातल्या शिशाचा अभ्यास जरूर वाचा. ताज्या मांसात ग्रॅममागे ०.३ नॅनोग्रॅम, शिशाने झाळलेल्या डब्यातल्या मांसात सुमारे १,४००. इतर प्रयोगशाळांना ताज्या माशातही शेकडो नॅनोग्रॅम दिसत, कारण त्या स्वतःचीच घाण मोजत होत्या.

रक्ततपासणीतही हाच घोळ होतो. बोट टोचून घेतलेल्या थेंबात त्वचेवरचं शिसं मिसळतं, त्यामुळे आकडा जास्त आला तर शिरेतल्या रक्ताची, शिसेमुक्त नळीत घेऊन, फेरतपासणी करायलाच हवी.