रेआल दे कातोर्से : उंची आणि बोगदा

असे वाटू शकते की, मेक्सिकोतील रेआल दे कातोर्से हे गाव वाळवंटात असल्याने तेथे उकाडा असणार. हे अर्धेच खरे आहे. सान लुइस पोतोसी राज्यातील हे गाव चिवावाच्या वाळवंटी प्रदेशाच्या दक्षिण भागात आणि कर्कवृत्ताच्या किंचित उत्तरेस असले, तरी ते समुद्रसपाटीपासून सुमारे २,७०० मीटर उंचीवर, चुनखडकाच्या डोंगररांगेच्या कुशीत वसलेले असल्याने तेथील रात्री गार असतात आणि हिवाळा चांगलाच बोचतो. कोरडेपणाचे कारण निराळे आहे : मेक्सिकोच्या आखाताकडून येणारे बाष्प पूर्वेकडील सिएरा माद्रे पर्वतच बहुतांशी अडवतो.

अशा अवघड जागी वस्ती झाली ती अठराव्या शतकात सापडलेल्या चांदीमुळे. शेतीला येथे सपाट जमीनच नाही. पूर्वेकडून गावात शिरताना सुमारे २.३ किलोमीटर लांबीचा ओगार्रिओ बोगदा ओलांडावा लागतो. तो इतका अरुंद आहे की, एका वेळी एकाच दिशेची वाहने सोडतात आणि मोठ्या बसमधील प्रवाशांना तोंडाशी उतरून लहान गाडीत बसावे लागते. पश्चिमेची उतरण तर त्याहून बिकट असून, खालच्या मैदानातील रेल्वेमार्गाकडे जुन्या विलिस जीपगाड्या खडबडीत वाटेने जातात. त्याच मैदानाला विरारिका, म्हणजे हुइचोल, हे मेक्सिकोतील आदिवासी लोक विरिकुता म्हणतात. ते त्यांचे तीर्थक्षेत्र आहे.

चांदीचे भाव पडल्यावर आणि पुढे मेक्सिकोतील क्रांतीच्या धामधुमीत गाव जवळजवळ ओस पडले.