आपण बिनव्याजी द्यायचं आणि कर्जदाराने ३५ टक्के भरायचे??

नवा_भिडू: किवावर (गरीब लोकांना छोटी कर्जं देता येतात ती साइट) २५ डॉलर टाकायचा विचार चाललाय. आपल्याला व्याज शून्य, ते ठीकच आहे, मदत म्हणूनच देतोय. पण जी संस्था तिकडे कर्ज वाटते तिचं पान उघडलं तर कर्जदाराकडून ३५ टक्के घेतात! मग मधले पैसे खातं कोण? कोणी दिलेत का आधी?

खातेवही: मी देतो अधूनमधून. खात कोणी नाही रे, खर्चच तेवढा येतो. कर्ज १०० डॉलरचं असो नाहीतर १०,०००चं, घरी जाऊन चौकशी, कागदपत्रं, दर आठवड्याला हप्ता गोळा करणं, मेहनत जवळपास सारखीच. १०० वर २० डॉलर खर्च झाला की २० टक्के तिथेच गेले, वर बुडीत कर्जं आणि संस्थेने बाहेरून घेतलेल्या पैशाचं व्याज. तारण काही नसतं, त्यामुळे बँका या भानगडीत पडतच नाहीत.

तिरकस: खर्च मान्य, पण म्हणून सगळेच साधू नाहीत. मेक्सिकोतली कॉम्पार्तामोस, अशीच छोटी कर्जं देणारी संस्था, एनजीओ म्हणून सुरू झाली आणि २००७ मध्ये थेट शेअर बाजारात, व्याज कर धरून १०० टक्क्यांच्या आसपास, गुंतवणूकदार मालामाल. ग्रामीण बँक सुरू करणाऱ्या मुहम्मद युनुसनीच जाहीर झोडपलं होतं. आणि दर फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर व्याज) आहे की रिड्युसिंग (फक्त उरलेल्या रकमेवर) ते आधी बघ, वर्षभराच्या कर्जावर फ्लॅट १५ म्हणजे खरे जवळपास दुप्पट पडतात.

नवा_भिडू: अच्छा, फ्लॅटचं डोक्यातच नव्हतं. पण माझे पैसे साइटवर जिचा फोटो दिसतो त्या बाईलाच जातात ना?

खातेवही: बहुतेक वेळा तिला कर्ज आधीच मिळालेलं असतं, तू संस्थेची तिजोरी परत भरतोस. २००९ मध्ये डेव्हिड रूडमन या संशोधकाने हे लिहिल्यावर बराच गाजावाजा झाला, मग किवाने साइटवर जरा स्पष्ट लिहायला घेतलं. मला त्यात वावगं वाटत नाही, कर्जाला उशीर झाला तर तिचा सीझनच निघून जाईल.

तिरकस: आणि गरिबी हटेल वगैरे डोक्यात ठेवू नकोस. २०१५ मध्ये अशा छोट्या कर्जांवरचे सहा देशांतले अभ्यास एकत्र छापून आले, भारत, मोरोक्को, मंगोलिया वगैरे, धंदे थोडे वाढले पण घरचं उत्पन्न सरासरीने फारसं हललं नाही. मला विचारशील तर खरी गोम हप्त्यांत आहे. कर्ज मिळाल्यावर दोनेक आठवड्यांतच हप्ता सुरू झाला तर माणूस मशीन कशाला घेईल, पटकन विकलं जाईल तेवढाच माल भरेल. कोलकात्यात पहिला हप्ता दोन महिन्यांनी ठेवून बघितला तर धंद्यात जास्त पैसे लागले, नफाही वाढला, पण थकबाकीपण वाढली, म्हणून संस्था तयार होत नाहीत.

नवा_भिडू: मग शेतीवाल्याला देतो, पीक विकल्यावर एकदम फेडायचं अशी कर्जं दिसतायत तिथे.