पंधरा मिनिटांत ‘अस्सल एशियन’, आणि वर केचप?

बटाटवडा_७७:
काल इथे ‘पंधरा मिनिटांत अस्सल एशियन जेवण’ अशी रेसिपी आली ती वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय. कालचा भात, सोया सॉस, दोन चमचे शेजवान चटणी, केचप, वरून कांद्याची पात, आणि शेवटी ‘हीच खरी सिचुआनची चव’. अहो ताई, एशिया म्हणजे काय एक आळी आहे का? मग वरणभात पण एशियनच की. चीनच्या सिचुआन प्रांताची ओळख म्हणजे ती जिभेला मुंग्या आणणारी मिरी, ती त्या चटणीत औषधालाही नसते, असते ती लसूण आणि लाल मिरची. हे आपलं इंडियन चायनीज, कोलकात्याच्या टांगऱ्यातल्या हक्का चिनी लोकांचं, मुंबईत शेफ नेल्सन वांग यांचं, चिकन मंचुरियन त्यांनीच १९७५ च्या सुमाराला काढलं म्हणतात. गाडीवरचं मी पण चापून खातो. फक्त अस्सल म्हणू नका.

चिमूटभर_मीठ:
रेसिपी माझीच. साडेआठला घरात पाय ठेवते, तोवर दोन्ही पोरं भूक भूक करत दारात उभी. ‘अस्सल’ शब्द चुकला, काढते, खूश? आता दादा, तुम्ही रोज रात्री स्वतः काय रांधता ते पण लिहा.

बटाटवडा_७७:
रविवारी मीच करतो.

चिमूटभर_मीठ:
रविवारी! 🙏

तांबडा_रस्सा:
केचपवर कोणीच बोलत नाहीये. गोड भात खायचा तर साखरभात करा ना.

कुडाळकर_सूनबाई:
मुंग्या आणणारी मिरी म्हणजे आपलं तिरफळच की! बांगड्याच्या तिखल्यात घालतो ते. एवढं सिचुआन सिचुआन कशाला, सावंतवाडीच्या बाजारात या.

पेठेतला:
काहीही. तिरफळ वेगळं, ती मिरी वेगळी. कोकणातल्यांना सगळंच आपलं वाटतं.

कुडाळकर_सूनबाई:
तुम्ही चिंचगुळाची आमटी सांभाळा. झाडं वेगळी आहेत पण कूळ एकच, झँथॉक्सिलम. वास थोडा वेगळा, मुंग्या त्याच. एकदा हौसेने नूडल्समध्ये घातलं, कुटून, बियांसकट. सासऱ्यांना सांगायचं राहिलं. दोन घास खाल्ले आणि म्हणाले ओठ जड पडलेत, डॉक्टरला फोन लावा. आजतागायत आमच्याकडे नूडल्स म्हटलं की ते आधी पेज मागतात.

मडगावचो_पाव:
बी कोण घालतं?? काळी बी काढून टाकायची, फक्त साल घ्यायची. आमच्याकडे तेफळां म्हणतात. ठेचून शेवटी आमटीत सोडायची, चावायची नाहीत. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवणाऱ्यांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नये.

कुडाळकर_सूनबाई:
एकदाच झालं म्हटलं ना! तुम्ही काय जन्मतः शिकून आलात?

मडगावचो_पाव:
आईच्या हातचा मार खाऊन शिकलो.

पेठेतला:
बरं, शोधून पाहिलं, कूळ एकच निघालं. अभिनंदन, आता चीन पण सिंधुदुर्गात घ्या.

रात्रपाळी:
तिरफळाचा वेगळा धागा काढा रे. मूळ रेसिपीत खरी चूक भाताची आहे. ताईंनी आंबेमोहोर लिहिलाय, त्याचा गोळाच होणार. कोलम घ्या, थोडा कमी शिजवा, ताटात पसरून गार करून फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर रात्रभर नको, पोट बिघडतं. लोखंडी कढई चांगली तापू द्या आणि एका वेळी दोघांपुरताच परता, चौघांचा एकदम टाकला की भात वाफेवर शिजतो आणि मग सगळे म्हणतात घरी हॉटेलसारखा होत नाही. थाय करीचं पण तेच, गवती चहाची पातं टाकतात, अहो ती चहाला, करीत खालचा पांढरा दांडा ठेचून घालतात. मी हॉस्टेलवर चार वर्षं एका इंडक्शनवर हे सगळं केलंय. सोपं करा की, पण पाट्या टाकू नका.

बटाटवडा_७७:
हेच म्हणत होतो मी.

चिमूटभर_मीठ:
नाही, तुम्ही नकाशा शिकवत होतात. रात्रपाळी, कोलमचं पटलं, करून बघते. दोन-दोन जणांचं मात्र जमणार नाही, तेवढ्यात पोरं कढई खातील. नाव बदललंय, आता ‘साडेआठचा लाल भात’. केचप राहणार, धाकट्याला त्याशिवाय घास उतरत नाही.

तांबडा_रस्सा:
साखरभात.

चिमूटभर_मीठ:
आणि ते तिरफळ डोंबिवलीत कुठे मिळेल? साल हं, बी नको.